परक्या पेशी

"ही शेवटची काच," सरांनी दारातूनच आपल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला बजावलं. "यात काही दिसलं नाही, तर उद्यापासून माझा विषय घ्यायचा. पुरे झाला हट्ट."

लॅबमध्ये तिला सगळे हट्टीबाईच म्हणत. कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू नर की मादी हे हार्मोन ठरवतात, हार्मोन म्हणतील ती पूर्व दिशा, असं सर जन्मभर शिकवत आले होते. हिचं म्हणणं, हार्मोन मागाहून येतात. आपण नर की मादी, हे प्रत्येक पेशीला पहिल्यापासून ठाऊक असतं. सरांशी असा वाद म्हणजे पीएचडीवर पाणी सोडणं. हिने घातला.

मादी गर्भातल्या, ओळखू याव्यात म्हणून हिरव्या चमकणाऱ्या केलेल्या पेशी काढून तिने दुसऱ्या अंड्यातल्या नर गर्भात बसवल्या होत्या. नेमक्या जिथे पुढे वृषण होणार तिथे. अंड्यांमागून अंडी दगावली. कसंबसं एक तगलं, त्याचाच हा पातळ काप.

मेली काच सूक्ष्मदर्शकाखाली जागेवर बसेना. शेवटी बसली. तिने निळा दिवा लावला.

वृषण चांगलं भरलेलं होतं, आत पुढे शुक्राणू बनवणाऱ्या नळ्या तयार झाल्या होत्या. हिरव्या पेशी मात्र नळ्यांच्या बाहेर घोळका करून बसल्या होत्या. मादीची खूण दाखवणारा लाल रंग त्यांनी, फक्त त्यांनीच, धरला होता.

तिला नाचावंसं वाटलं. "सर, बघता का?" एवढंच ती म्हणाली.

सरांनी बराच वेळ डोळा काढला नाही. "परक्या आहेत. बाहेरच राहणार."

तिने शेजारची काच पुढे सरकवली. तिच्यात नर गर्भात दुसऱ्या नराच्या हिरव्या पेशी घातल्या होत्या. त्या बिनबोभाट नळ्यांत शिरून कामाला लागल्या होत्या.

"परक्या याही होत्या, सर. यांना घर मानवलं. त्या नांदायला गेल्या, पण वळण माहेरचंच ठेवलं."

सरांनी दोन्ही काचा पुन्हा पाहिल्या. मग खो खो हसत सुटले. तिला वाटलं, आता खैर नाही.

"पहिल्या वर्षाचा तास आहे, चल. आज हाच धडा आहे."

"मी काय करू तिथे?"

"शिकव."

वर्गात शिरून सर तडक शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधोमध जाऊन बसले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती पहिलं वाक्य बोलली. मागून सरांचा हात वर झाला.

"बाई, जरा सावकाश सांगा. लिहून घेतोय."