स्पॅनिशमधला लसूण

"बीपीची गोळी बंद केली मी. लसणानंच उतरतं, मराठीत लिहिलंय मोबाईलवर," अप्पांनी सांगोल्याहून व्हिडिओ कॉलवर लेकीला लसणाचा गड्डा दाखवला.

तिने कपाळाला हात लावला. इंग्रजी आणि स्पॅनिश संकेतस्थळांवरची आरोग्याची चुकीची माहिती शोधणं, हीच तिची पुण्यातली नोकरी होती. मराठी पानं तिथे कुणीच तपासत नव्हतं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू मीटिंगमध्ये असतेस. मोबाईल कधीच मीटिंगमध्ये नसतो."

तिने त्यांना समोरच गोळी घ्यायला लावली. त्यांनी ती निमूट गिळली. ती कॉल बंद करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "स्पॅनिशमध्ये लसणाबद्दल काय लिहिलंय, वाच ना."

"तुम्हाला कळणार नाही, अप्पा."

"नाही कळलं तरी चालेल. सावकाश वाच."