कस्तुराबाईचा गुडघा

बसा पावणं, च्या टाकलाय. तवर वरवंडच्या कस्तुराबाईच्या गुडघ्याची गोष्ट ऐका. असली गोष्ट तुमच्या कानावर आली नसंल.

कस्तुराबाई गुडघ्याला फडकं बांधून उंबऱ्यात बसलेली. नवरा हौसराव इचारतोय, दौंडातले डाक्टर मेले का काय? सून सुलक्षणा फडक्याची गाठ आवळतीया. ती कुरकुंभला औषधाच्या कंपनीत, लॅबमधी. शिफ्टला जाता-येता बसमधी कायम पुस्तकात तोंड, म्हणून गाव तिला मास्तरीण म्हणायचं. तिचा नवरा सत्यजीत आईच्या शब्दाबाहेर न्हाई. पर हौसरावला इचारल्याबिगर त्या घरातलं मांजर बी कूस बदलत नव्हतं.

कस्तुराबाईनं सरळ सांगून टाकलं. पायाला फिजिओथेरपी लागती, म्हंजी रोजचा व्यायाम. न्ह्यायला सुलक्षणा पायजे, आन् त्यासाठी तिनं नोकरी सोडायची.

हौसरावनं लय येळ मिशी वढली. सून सासूसाठी नोकरी सोडती म्हणल्यावर चार माणसांत मान वाढतो, एवढं त्याला कळत व्हतं.

"बरं," म्हणला. "पर जागा बघून घ्या. गेलेल्या माणसाला कंपनी परत दारात उभं करत न्हाई."

तीच तर मेख व्हती. जागा चुकली, तर नोकरी बी गेली आन् हाती धुपाटणं.

दोन जागा डोळ्यापुढं. एक पुण्याच्या अंगाला, हायवेवर. दुसरी शिरूरकडं. दोन्ही फिजिओथेरपीची कालेजं, त्यांचेच दवाखाने, म्हंजी पाय धरणार ती शिकती पोरं.

आधी हायवेवरच्या काचंच्या इमारतीत गेल्या. आत गारगार एसी. एका पोरानं गुडघ्याला वायरी चिकटवल्या, मशीन चालू केलं आन् मोबाईल बघत बसला. मोठ्या डाक्टरनं लांबनंच सांगितलं, झीज हाय, पट्टा घ्या, महिनाभर येत जा. सुलक्षणानं पोराला हळूच इचारलं, हाताचं काम कवा शिकवत्यात? पोरगं म्हणलं, ताई, मशीनच करतंय की सगळं.

पट्टा बघून हौसराव खूष. आळीभर दाखवून आला.

मग शिरूर. बैठी इमारत, करकरणारा पंखा. दीक्षा नावाच्या पोरीनं आधी तळहात घासून गरम केलं, मग गुडघा धरला. दाबला, वाकवला. म्हातारीला भुईवर बसवलं, उठवलं, चालवलं. शेरडं पिळताना कशी बसता, तेबी इचारलं. जसजसी बघत गेली तसतसं पोरीचं तोंड एवढंसं झालं. शेवटी शिकवणाऱ्या महेंद्र सरांपाशी जाऊन उभी ऱ्हायली.

"सर, मला काय सापडंना."

सर रागावले न्हाईत. म्हणले, दुसऱ्या पायाशी ताडून बघ. पोरीनं पयल्यापास्नं सगळं परत केलं आन् परत मान हलवली. मग सरांनी सोता गुडघा तपासला आन् तिला एवढंच म्हणले, "मग तसंच लिही. भ्यायचं न्हाई."

ना गोळी, ना पट्टा. दोघी मोकळ्या हातानं यष्टीत बसल्या. कस्तुराबाई मातूर फडातनं कुस्ती मारून आल्यागत हसत व्हती. "सुले, हितंच," म्हणली. सुलक्षणानं पदर डोळ्याला लावला.

हौसराव घरी तापला. "ज्यास्नी दुखणं सापडंना, त्यांच्या हातात पाय देतीस व्हय?"

"पाय माझा हाय," कस्तुराबाई म्हणली. "जागा बी मीच ठरवणार."

त्या घरात असा शब्द पयल्यांदा निघाला. हौसराव दारातनं उठून गोठ्यात गेला, पर नको म्हणला न्हाई. सुलक्षणानं राजीनामा दिला आन् दोघी शिरूरला कस्तुराबाईच्या भनीकडं ऱ्हायला गेल्या. हौसराव हितं सोता भाकरी करपवतोय, आन् पारावर छाती फुगवून सांगतोय, सून असावी तर अशी, सासूच्या पायासाठी रोज दवाखाना गाठती.

आता त्याला खरं कोण सांगणार? त्या दोघी सांगत न्हाईत, आन् माझी बी छाती व्हत न्हाई. तुमी त्याचे व्याही, तुमच्या म्होरं त्याला आवाज चढवता यायचा न्हाई. तवा च्या झाला की जावा आन् तेवढं कानावर घाला त्याच्या, की कस्तुराबाईचा गुडघा कवाच दुखत नव्हता, आन् तुमची लेक त्या कालेजात सासूला घेऊन जात न्हाई, पयल्या वर्षाला शिकतीया.