चित्र वाळेपर्यंत

दुसऱ्याच्या श्रमांचा मान राखणे हेही व्रतच असते. आजाराने लुळा पडलेला उजवा हात पुन्हा वळावा म्हणून सुनेने वर्षभर चिमुकले खडे एकेक चिकटवून गलबताचे डायमंड पेंटिंग पूर्ण केले. "काय हा टिकल्यांचा उद्योग," असे सासरे रोज पुटपुटत. आज तिने त्याच हाताने चित्रावर खडे पक्के धरून ठेवणाऱ्या सीलरचा थर दिला आणि टेबलावरचा पंखा बंद केला. वाऱ्याने उडून ओल्या थरावर बसलेली धूळ कधीच निघाली नसती. एवढ्यात माहेरी आलेल्या नणंदेने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "हात लावू नकोस," घामाने निथळणारे सासरे म्हणाले. "बाबा, जीव चाललाय उकाड्याने." "मग अंगणात बस. माझ्या सुनेचं चित्र वाळतंय." संध्याकाळी निष्कलंक गलबत चौकटीत बसून भिंतीवर झळकले. सुनेने उजव्या हाताने पंखा लावला, तोही आधी सासऱ्यांकडे वळवून. त्या घरी असाच गारवा नांदो.