नवं व्हर्जन

शिरोलीतल्या एका फौंड्रीची वेबसाईट सम्राट घरून सांभाळायचा. तिच्या पानांचं एचटीएमएल बनवून देणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ररीचं नवं व्हर्जन त्यानं टाकलं आणि सगळी पानं विस्कटली.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"पानावरच्या प्रत्येक चौकटीला, बटणाला एक नाव असतंय. ती नावंच बदलून ठेवलीत शहाण्यांनी! जुन्या नावांवर केलेलं माझं सगळं काम पाण्यात."

"का बदलली?"

"म्हणं, नव्या रचनेत जुनी शोभत न्हाईत. आरं, पण एका शब्दानं विचारशील का न्हाय? माज, दुसरं काय!"



"सम्राज्ञी, चहा टाक गं!" आतून सासूबाईंनी हाक मारली. कुणीच ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"अगं, आई तुलाच बोलावतीया!" सम्राट खेकसला. "कान हायत का न्हाईत?"

क्रांती दचकून उठली. सम्राज्ञी हे तिचं नवं नाव महिन्यापूर्वी, लग्नात, त्यानंच तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं. तिनंही ते तिथंच पहिल्यांदा वाचलं होतं.