आल्याची वेळ

"आधी रुग्ण आल्याची वेळ लिहायची, मग नाव विचारायचं," नोकरीच्या पहिल्याच दिवशी तेव्हाच्या जुन्या सरांनी बजावलं होतं. अपघात विभागात डॉक्टर हर्षदा चौदा वर्षं तेच करत आल्या. त्यांचं संशोधन त्या वेळांवरच उभं होतं.

आज विभागप्रमुखांनी त्यांचा शोधनिबंध परत सरकवला. "केसपेपरच्या रांगेत दगावलेले हे अकरा जण 'आणण्यापूर्वीच मृत' दाखवा, मॅडम. कॉलेजची अब्रू राहील, तुमची बढतीही होईल."

"यातल्या सातव्या माणसानं माझ्याकडे पाणी मागितलं होतं, सर. मेलेला माणूस पाणी मागतो?"

"भावनेनं संशोधन होत नसतं."

"खोटेपणानं होतं का?"

हर्षदांना राग आला, पण आवाज चढला नाही. त्या सातव्या माणसाच्या बायकोला त्यांनी शब्द दिला होता, तुमचा नवरा इथं जिवंत आला होता हे लेखी देईन. निबंध छापून आल्यावर देऊ, म्हणत दोन वर्षं त्यांनीच टाळलं होतं. राग त्याचाच जास्त होता.

'सकाळी दहा चाळीस, रुग्ण बोलत होता' या नोंदीच्या प्रतीवर त्यांनी सही-शिक्का केला आणि त्या बाईच्या गावची एसटी कितीला सुटते ते शिपायाला विचारून त्या निघाल्या.