उजवा कौल

अप्पा गावकर घराचा खांब सोडायला तयार नव्हते.

अंगणात खाट आणून ठेवली होती. तिला बांबू बांधून गडी उभे होते. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा केव्हाच ओढ्यापलीकडे गेली होती. देवळातला ढोल वाजायचा थांबला होता.

गावपळण होती. गाव मुळात त्यांचा. झाडांत, पाण्यात, बांधावरच्या दगडांत राहणाऱ्या राखणदारांचा. माणसांनी तो मागून घेतलेला. म्हणून काही वर्षांनी तीन रात्री तो त्यांना मोकळा करून द्यायचा, श्वास घेणारं काहीही मागे ठेवायचं नाही, आणि मग विचारून परत यायचं. विचारायचं काम अप्पांचं.

"माका हयच रवांदे रे, भिका," अप्पा म्हणाले. गणपतीपासून त्यांचे पाय गेले होते. "शिवेभायर मराक नको माका."

भिकाजी त्यांचा मुलगा. कणकवलीच्या कचेरीत कारकून होता, या दिवसासाठी रजा काढून आला होता. तो कुजबुजला, "अप्पा, एकय जीव रवता नये असा तुमीच सांगत इलात."

"ते माका वळाखतत. जल्मभर तेंच्यावांगडा बोललंय मी. माका काय करूचे नाय."

गडी एकमेकांकडे बघू लागले. नेम काय, हे सांगणारा गावात एकच माणूस होता, आणि तोच खांबाला धरून बसला होता. भिकाजीने खाटेचे बांबू सोडायची खूण केली.

शेजारची तुळसा शेवटची भांडी न्यायला परत आली होती. डोक्यावरचं बोचकं तिने अंगणात उतरवलं.

मागच्या गावपळणीला तिला कळा सुरू झाल्या होत्या. अप्पा तिच्या दारात उभे राहून म्हणाले होते, नेम तो नेम. पोर शेताच्या बांधावर झालं. रडलं नाही. त्यानंतर तिने अप्पांना कधी एका शब्दाने बोल लावला नव्हता. सणासुदीला देवाचा नारळ त्यांच्याच हाती देत आली होती.

"अप्पानू," ती म्हणाली, "तेंका इचारल्यात?"

अप्पांनी खांब आणखी घट्ट धरला.

"माज्यासाठी तेवा इचारल्लात?"

"तुळसा, तू जा आता," भिकाजी म्हणाला.

ती हलली नाही. आवाजही चढवला नाही. "तुमी हय रवल्यात तर मगे माजा पोर कित्याक गेला?"

अप्पांनी खांबावरचा हात काढला.

शिवेबाहेर माडाच्या झापांच्या खोपी घातल्या होत्या. वारा आत यायचा. अप्पांच्या छातीतली घरघर शेजारच्या खोपीत ऐकू जायची. तुळसाने पेज आणून ठेवली, ती तशीच राहिली.

परतायच्या दिवशी त्यांना खाटेसकट ओढ्याकाठच्या दगडापाशी नेलं. कौल घ्यायचा होता. ओल्या दगडावर फुलाचे दोन कळे लावायचे, एक डावा, एक उजवा, आणि जे विचारायचं ते विचारायचं. उजवा पडला तर होकार.

"तुळसाक बसांदे हय," अप्पा म्हणाले. "माका धरूक."

कौलाच्या दगडापाशी बाई बसत नसे. पुरुषांत कुजबुज झाली, पण अप्पांसमोर कुणी बोललं नाही. गाव मागे उभा राहिला. गुरांची दावी हातात, बोचकी डोक्यावर.

अप्पांनी कळे लावले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, झाडातल्यानू, पाण्यातल्यानू..."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

मग त्यांचा आवाज बसला. पाठीशी हात देऊन बसलेल्या तुळसालाच तेवढे ते शब्द ऐकू येत होते.

"माज्या वाडयेची एक बाई अडलेली. तिका घरात रवांदू की नको, ह्या मी तेवा तुमका इचारूक नाय..."

अप्पा दम घ्यायला थांबले. मागून आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

"आज इचारतंय. ती रवली असती तर तुमका चालला असता? असता तर उजवो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

अप्पांचा शब्द संपतो न संपतो तोच उजवा कळा सुटून खाली पडला.

मागे एकच गलका झाला. कुणीतरी ढोल बडवला. दावी सुटली, पोरं पाण्यात धावली, बायकांनी देवाच्या नावाने हात जोडले आणि बोचकी सावरली. भिकाजी डोळे पुसत गड्यांना हाका मारत सुटला.

तुळसाचा हात अप्पांच्या पाठीवरच होता. ती पडलेल्या कळ्याकडे बघत होती.

अप्पांनी तिचं मनगट धरलं. "तुळसा, थांबव तेंका. परत जावचा मी अजून इचारूक नाय."

तिने मान वर केली. तिचा आवाज मोठा होता. शेतातून हाक घातली तर खाडीच्या पलीकडे ऐकू जायची.

तिने हाक घातली नाही. समोर ओढ्याचं पाणी गढूळ करत सगळा गाव शिवेच्या आत शिरत होता.