मूळपुरुषाचा ओटा

समाधीच्या ओट्यावर रस्तावाल्यांनी लाल फुली मारली, तेव्हा शिवमूर्ती गुरुजी तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "हलवू. पण विधीनं हलवू, आन् गाव बोलवून हलवू."

औशाजवळचा रस्ता रुंद होत होता आणि गुरुबसप्पांची समाधी नेमकी त्याच्या कडेला आली होती. गुरुबसप्पा म्हणजे गुरुजींचे मूळपुरुष. मोठ्या दुष्काळात ते मुलगा पंचाक्षरीला घेऊन कानडी मुलखातल्या कल्याणकडून या उजाड माळावर आले. सोबत एक बैलजोडी आणि वाट दाखवायला दगडोबा. पहिल्याच वर्षी गुरुबसप्पा तापानं गेले आणि त्याच रात्री दगडोबा बैल घेऊन पळाला. वीस वर्षांच्या पंचाक्षरीनं एकट्यानं बापाला माती दिली, नांगर खांद्यावर ओढला आणि माळ फोडला. तिथून हे घर उभं राहिलं.

ही हकिकत पंचाक्षरींनी मुलांना सांगितली, मुलांनी नातवांना. गुरुजींनी ती कागदावर आणायचं ठरवलं आणि निवृत्तीनंतरची सात वर्षं त्यात घातली. माणूस हट्टी. हैदराबादेपर्यंत जाऊन जुनं दप्तर चाळलं. ओट्याची लांबी टेपनं मोजली, सहा फूट भरली, आणि वहीत कौतुकानं लिहिलं: मूळपुरुष चांगले उंचेपुरे असावेत. पंचाक्षरी मरेपर्यंत तिथं रोज दिवा लावत, हेही लिहिलं.

एकच नोंद बसेना. कल्याणकडच्या एका मठाच्या कानडी वहीत, दुष्काळानंतर आठ वर्षांनी, गुरुबसप्पांनी पितळी घंटा दिल्याचं लिहिलं होतं. बापाचं नाव तेच, गावही तेच. गुरुजींनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. एका नावाची चार माणसं असतातच की.

दगडोबाचं घराणं शेजारच्याच गावात होतं. पाच पिढ्या झाल्या, ही दोन घरं एकमेकांचं पाणी पीत नव्हती. आणि लातूरला शिकायला ठेवलेल्या नातीनं, अक्षरानं, साऱ्या जिल्ह्यातून नेमकं तेच घर शोधून काढलं. मुलगा रविकिरण. शेषेरावांचा थोरला.

"जातीचं मी बघत न्हाई," गुरुजी म्हणाले. "पण मढ्यापाशी पोराला एकटं सोडून पळालेल्याचं घर हाय ते."

"आज्जा, दगडोबा घरी आलेच न्हाईत म्हणतात. आन् बैल त्यांचेच होते म्हणं. आपलेच बैल कोण पळवतंय?"

"म्हणतील की. त्यांना दुसरं काय म्हणता येतंय?"

"त्यांची बायको वाट बघून बघून गेली. अजून सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतात. तिथीच माहीत न्हाई म्हणून."

"बसला असंल तेलंगणात दुसरा संसार मांडून."

"कशावरून?"

"मग पंचाक्षरी अप्पा काय खोटं बोलले?"

अक्षरा रडायला लागली. नातीच्या डोळ्यांतलं पाणी गुरुजींना कधीच सोसत नसे. पण दगडोबाचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढे. जणू काल त्यांनाच माळावर टाकून गेला होता.

"दगडोबानं दगा दिला न्हाई असं कुणीबी दाखवावं," ते शेवटी म्हणाले. "सुपारी फोडायला मी सोता जाईन."

हे कुणाला दाखवता येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी सगळं गाव जमलं. मठातून शिवशंकर स्वामी आले. विहिरीजवळ नवा खड्डा चौकोनी खणून तयार होता. लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. मूळपुरुषांना तसंच पुन्हा बसवायचं होतं.

शेषेरावही आले. हातात नारळ घेऊन लांब बाभळीपाशी उभे राहिले.

"तुम्ही कशाला आलात?" गुरुजींनी विचारलं.

"हात जोडायला, गुरुजी. आमचा माणूस सोबत आल्ता त्येंच्या."

"आन् सोडून गेला," गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

शेषेरावांनी मान खाली घातली. गुरुजींना बरं वाटलं. अक्षरानं तोंड फिरवलं.

ओटा फोडला. खालची शिळा चार जणांनी सरकवली. स्वामी एकटे आत उतरले आणि हातानं माती काढू लागले. बराच वेळ गेला. बायकांच्या हातातली बेलपानं सुकायला आली.

"गुरुजी," स्वामींनी आतूनच हाक मारली. "जरा खाली या. तुम्हीच या."

गुरुजी उतरले.

हाडं या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पसरलेली होती. पालथी.

"लिंग?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"माती दोनदा चाळली. न्हाई."

स्वामींनी कवटीकडे बोट दाखवलं. मागच्या बाजूला कुऱ्हाडीच्या पात्याएवढी खाच होती.

गुरुजी तिथंच मातीत बसले. त्यांना कानडी वहीतली घंटा आठवली. मग रोजचा दिवा आठवला. वरून कुणीतरी विचारत होतं, विभूती देऊ का खाली?

वर यायला अक्षरानं हात दिला. तो त्यांनी सोडला नाही. तिला घेऊन ते घरच्या माणसांमधून, हार धरून उभ्या असलेल्या सुनांसमोरून, सरळ बाभळीपर्यंत चालत गेले.

"शेषेराव," ते म्हणाले, "नारळ तुम्हीच फोडा. आत तुमचा दगडोबा हाय."